पूरपातळीचं पान कानालाही कळावं म्हणून: नव्या वेबसाइटवाल्यांसाठी

पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. तेव्हापासून सामान माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं, हे या एका आकड्यावर ठरतं. आकडा मिळतो तो मात्र बहुतेकदा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्याच्या फोटोतून, नाहीतर एखाद्या रंगीत नकाशातून. ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, अशा फोटोपाशी "इमेज" म्हणतो आणि पुढे सरकतो. हल्ली काही फोन फोटोतली अक्षरं ओळखतात, पण भिलवडीच्या पुलाचा आकडा कुठला आणि अंकलीच्या पुलाचा कुठला याचा त्यात पत्ता लागत नाही.

हा लेख थोडंफार एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकून पतसंस्थेची, शाळेची, मंडळाची वेबसाइट करून देणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला एकच पान घेऊ: पूरपातळीचं. त्यावर आपोआप बदलणारी पातळी आहे, पुलांचा तक्ता आहे, नकाशा आहे, "पातळी", "रस्ते", "निवारा" असे तीन टॅब आहेत आणि मदत मागायचा फॉर्म आहे. दाबलं की उघडणारं, आपोआप हलणारं, पॉपअप होऊन समोर येणारं असं वेबवर जे जे त्रास देतं, ते बहुतेक यात आलं.

आधी ऐकायला शिका

कोड लिहिण्याआधी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसवा. तो फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रामरनं २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. आधी तो बंद कसा करायचा ते शिका: इन्सर्ट आणि क्यू. बोलणं तेवढं थांबवायचं असेल तर कंट्रोल. हे आधी माहीत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत घाबरून तुम्ही तो काढून टाकाल. त्याच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे. तो चालू केला की बोललेलं सगळं एका खिडकीत लिहूनही दिसतं; नवख्याला याचा फार उपयोग होतो.

त्याच्यासोबत येणारा ईस्पीक, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं सॉफ्टवेअर, मराठी बोलतो. आवाज यंत्रासारखा खरखरीत आहे, पण रोज वापरणारे लोक तोच आवाज आपल्याला समजणारही नाही इतक्या वेगानं ऐकतात. ॲन्ड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करा. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टॅप केलं की ती उघडते. आपल्याकडे बहुतेक लोक वेबसाइट फोनवरच बघतात, म्हणून टॉकबॅकची तपासणी सोडून चालणार नाही.

आता एखादं ओळखीचं पान उघडा, मॉनिटर बंद करा आणि ऐका. अंध माणूस पान वरून खाली वाचत बसत नाही, हे लगेच कळेल. तो उड्या मारतो. एनव्हीडीएत एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटन, टी दाबलं की तक्ता. तुमच्या पानात शीर्षकं खरी शीर्षकं नसतील, नुसती मोठ्या ठळक अक्षरांतली वाक्यं असतील, तर या उड्या मारायला जागाच नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. स्क्रीन रीडरच्या दोन अवस्था असतात. वाचनाच्या अवस्थेत एच, बी ही अक्षरं म्हणजे हुकूम असतात. फॉर्मच्या रकान्यात शिरलं की तीच अक्षरं टाइप होतात. कुठल्या अवस्थेत जायचं हे स्क्रीन रीडर तुमच्या कोडवरून ठरवतो. पुढे जे काही चुकतं त्यातलं बरंचसं इथं चुकतं.

मजकूर खरोखर मराठी आहे का

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. छापखान्यातून किंवा जुन्या कॉम्प्युटरवरून आलेला मजकूर पुष्कळदा श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला निव्वळ बडबड ऐकू येते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर डोळ्यांनी तपासा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास विस्कटतात.

मग पानाच्या एचटीएमएल टॅगला भाषा मराठी असल्याचं सांगा: लँग या गुणधर्माची किंमत एम-आर. टेम्पलेटमध्ये ती बहुधा इंग्रजी ठेवलेली असते आणि कोणी बदलत नाही. मग इंग्रजी आवाज देवनागरी गाळतो किंवा काहीतरी भलतंच बोलतो. एका शब्दाचं हे काम आहे, आजच करा.

संक्षेपांची सवयही सोडा. "ता. मिरज, जि. सांगली, ३८ फू. ६ इं." हे कागदावर शोभतं, कानाला "ता", "जि", "फू" असं तुटक ऐकू येतं. तालुका, जिल्हा, फूट असं पूर्ण लिहा. जागा पुरत नसेल तर डिझाइन बदला.

तीन प्रश्न

पानावर दाबता येणारी कुठलीही गोष्ट आली की स्क्रीन रीडर तीन गोष्टी शोधतो: ही काय आहे, हिचं नाव काय, आणि सध्या ती कुठल्या अवस्थेत आहे. "निवारा केंद्रं, बटन, मिटलेलं." एवढं ऐकलं की माणसाला पुढचं कळतं. या लेखातलं सगळं तंत्र या तीन उत्तरांसाठीच आहे.

एचटीएमएलचं खरं बटन वापरलंत तर यातलं बरंच काही फुकट मिळतं. टॅब कीनं तिथं पोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्हीनं दाबता येतं, "बटन" असं ऐकूही येतं. त्याऐवजी डिव्हला रंग आणि क्लिक लावून बटन केलंत तर भूमिका (ही वस्तू काय आहे ते), फोकस (कीबोर्डनं तिथं पोचणं), एंटर, स्पेस हे सगळं हातानं द्यावं लागतं, आणि नवखा त्यातलं एखादं विसरतोच. म्हणून नियम असा धरा: एचटीएमएलमध्ये जी वस्तू तयार आहे ती स्वतः घडवू नका. यादीतून निवडायला सिलेक्ट, तारखेला तारखेचा इनपुट, उघडमिट करायला डिटेल्स आणि समरी. क्लायंटला गोलगोल कडांचा ड्रॉपडाउन हवाच असेल तर त्याला त्याची खरी किंमत सांगा.

नावाचं काय? नुसतं चिन्ह असलेलं बटन, म्हणजे तीन रेघांचा मेनू, फोनचं चित्र, फुलीचं चिन्ह, आलं की स्क्रीन रीडर "बटन" एवढंच म्हणतो. एका ओळीत चार चिन्हं असली की "बटन, बटन, बटन, बटन". प्रत्येकाला ॲरिया-लेबल या गुणधर्मानं मराठी नाव द्या: "मेनू", "नियंत्रण कक्षाला फोन करा", "बंद करा". नावात "बटन" हा शब्द घालू नका, तो आपोआप बोलला जातो. "इथे क्लिक करा" अशा लिंकही नकोत. लिंकांची यादी काढून ऐकणाऱ्याला "इथे" म्हणजे कुठे ते कळत नाही.

माउस बाजूला ठेवा

आता माउसची वायर काढा. टॅबनं पुढे, शिफ्ट-टॅबनं मागे. फोकस कुठे आहे ते दरवेळी दिसतंय का? फोकसभोवतीची चौकट "घाण दिसते" म्हणून सीएसएसमधून काढून टाकायची सवय फार पसरली आहे. ती परत आणा. हवी तर तुमच्या रंगाची करा. ज्यांना थोडं दिसतं आणि माउसचा बाण सापडत नाही, त्यांना तोच आधार असतो.

क्रम वाचनाच्या क्रमासारखा हवा. टॅबइंडेक्सला एक, दोन, तीन असे आकडे देऊन क्रम लावत बसू नका. शून्य आणि उणे एक एवढेच वापरायचे. नकाशावर पन्नास खुणा असतील तर पन्नास वेळा टॅब दाबायला लावू नका, नकाशाच्या आधी "नकाशा सोडून पुढे जा" अशी लिंक ठेवा.

ॲरिया कधी घ्यायचं

ॲरिया म्हणजे एचटीएमएलला जोडायच्या खास गुणधर्मांचा संच. डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेनं तो २०१४ मध्ये मान्य केला, १.२ ही आवृत्ती जून २०२३ ची. तो स्क्रीन रीडरला ही वस्तू काय आहे ते सांगतो, बस. डिव्हला "बटन" ही भूमिका दिली म्हणून ते एंटरनं दाबलं जाणार नाही. पाटी लागते, दुकान उघडत नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते, आणि ॲरिया वापरलेल्या पानांवर सरासरी जास्त चुका सापडतात. तेव्हा ते मिठासारखं वापरा, भाजीसारखं नको.

उघडमिट होणाऱ्या भागाला खरं बटन द्या आणि त्यावर ॲरिया-एक्स्पांडेड ठेवा. उघडल्यावर त्याची किंमत ट्रू, मिटल्यावर फॉल्स, आणि ही अदलाबदल जावास्क्रिप्टनं दरवेळी करायची. पान लोड होताना एकदा लिहून विसरलात तर भाग उघडा असताना "मिटलेलं" ऐकू येईल. काहीच न सांगण्यापेक्षा हे वाईट.

टॅबचं गणित जरा लांब आहे. टॅबलिस्ट, टॅब आणि टॅबपॅनल अशा तीन भूमिका, निवडलेल्या टॅबवर ॲरिया-सिलेक्टेड, टॅब कीनं फक्त निवडलेल्या टॅबवर येणं, आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर बाणाच्या कळांनी जाणं. यातलं अर्धं केलं तर ऐकणाऱ्याला "टॅब, तीनपैकी एक" असं सांगितलं जातं, तो बाण दाबतो आणि काहीच होत नाही. माझं मत विचाराल तर पूरपातळीच्या पानावर टॅब नकोतच. "पातळी", "रस्ते", "निवारा" अशी तीन शीर्षकं एकाखाली एक द्या. एच दाबून तिथं पोचता येतं, आणि घाईत असलेल्या डोळस माणसालाही तेच सोपं जातं.

पॉपअपसाठी एचटीएमएलचा डायलॉग वापरा आणि तो शो-मोडलनं उघडा. फोकस आत जातो, मागचं पान वाचलं जात नाही, एस्केपनं बंद होतो. बंद झाल्यावर फोकस जिथून पॉपअप उघडला त्या बटनावर परत येतोय ना, ते तपासा. तो पानाच्या डोक्यावर जाऊन पडला तर बिचाऱ्याला सगळं पुन्हा ऐकत खाली यावं लागतं.

रोल ॲप्लिकेशन नावाची एक भूमिका आहे. ती पूर्ण पानाला लावली की वाचनाची अवस्थाच बंद होते, एच-बी काही चालत नाही. तिच्या वाटेला जाऊ नका.

आपोआप बदलणारा आकडा

हा या पानाचा गाभा. पातळी ३८ फूट ६ इंचांवरून ३९ फूट झाली. डोळ्यांना आकडा बदललेला दिसला. कानाला कसं कळावं? स्क्रीन रीडर त्या वेळी पानात भलतीकडेच असेल.

सोय आहे: लाइव्ह रीजन. ज्या डबीत आकडा बदलतो तिला स्टेटस ही भूमिका द्या, म्हणजे बदल झाला की चालू वाक्य संपवून स्क्रीन रीडर तो सांगतो. दुसरी भूमिका अलर्ट. ती बोलणं मध्येच तोडते. रोजच्या बदलाला स्टेटस, आणि पाणी ४० किंवा ४५ फूट ओलांडेल तेव्हाच अलर्ट. दर वेळी अलर्ट दिलात तर माणूस वैतागून पान बंद करेल, आणि खरा इशारा ऐकायला तिथं कोणी नसेल.

इथं नवख्यांचं काय काय चुकतं ते सविस्तर सांगतो. डबी पान उघडतानाच रिकामी का होईना हजर हवी. बातमीसकट नवी डबी जावास्क्रिप्टनं आत टाकली तर पुष्कळदा ती वाचलीच जात नाही. फक्त आकडा बदलला तर नुसतं "३९" ऐकू येतं. कुठल्या पुलाचं, चढतंय की उतरतंय? म्हणून डबीत पूर्ण वाक्य ठेवा: "आयर्विन पूल, ३९ फूट, सकाळी ९ वाजता, पाणी चढतं आहे." स्टेटस ही भूमिका पूर्ण डबी वाचायला सांगते, साधं ॲरिया-लाइव्ह वापरलंत तर ॲरिया-ॲटॉमिकही जोडा. "शेवटचं अपडेट १२ सेकंदांपूर्वी" असला पळता घड्याळी मजकूर त्या डबीत चुकूनही नको, नाहीतर दर सेकंदाला बोलणं सुरू राहील. पातळी तीच असेल तर डबीला हात लावू नका. ठरावीक वेळानं सगळं पानच रीफ्रेश करणं हा जुना उपाय तर सर्वात वाईट; ऐकणारा निवारा केंद्राच्या पत्त्याच्या मध्यावर असताना त्याला पुन्हा वरच्या लोगोपाशी नेऊन सोडतो.

शिवाय लाइव्ह रीजनचं बोलणं एकदाच होतं. कुकरची शिट्टी झाली आणि ऐकायचं राहिलं, तर? म्हणून तोच मजकूर "आत्ताची पातळी" या शीर्षकाखाली पानावर कायम असू द्या.

तक्ता आणि नकाशा

कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली. नदीच्या क्रमानं ओळी लावा, कारण कराडला काय चाललंय यावरून सांगलीकर पुढचा अंदाज बांधतात. तक्ता म्हणजे खरा टेबल टॅग, त्याला कॅप्शन, आणि वरच्या व डावीकडच्या मथळ्यांना टीएच व स्कोप. मग कंट्रोल-ऑल्ट आणि बाण वापरून चौकटीतून चौकटीत जाताना "भिलवडी, इशारा पातळी" असे मथळे सोबत ऐकू येतात. एकत्र केलेल्या चौकटी टाळा. पातळीचा आलेख काढलात तर त्याच्या पर्यायी मजकुरात रेघेचा रंग सांगू नका, पाणी कधीपासून चढतंय ते सांगा.

नकाशा सुलभ करायच्या मागे फार लागू नका. नदीकाठचे भाग लाल, पिवळे, हिरवे रंगवलेले असतात. तीच माहिती खाली यादीनं द्या. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड अशी नावं, प्रत्येकापुढे आजची स्थिती शब्दांत आणि जवळचं निवारा केंद्र. खरं सांगायचं तर ही यादी सगळेच वापरतील. भाग शोधायला टाइप करता करता सुचवणारा रकाना करायचा मोह होईल. तो नीट करणं हे अनुभवी माणसाचंही डोकं खाणारं काम आहे. साधा सिलेक्ट पुरतो.

फॉर्म

रकान्यात फिकट अक्षरांत लिहिलेलं "तुमचं नाव" म्हणजे लेबल नव्हे; टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. प्रत्येक रकान्याला खरं लेबल जोडा. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको: "मोबाइल नंबर १० आकडी हवा" असं लिहा, ते ॲरिया-डिस्क्राइब्डबायनं रकान्याला जोडा, ॲरिया-इनव्हॅलिड लावा आणि फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्या. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा मदतीच्या फॉर्मवर ठेवणं म्हणजे दार बंद करणं. ओटीपी असेल तर वेळ भरपूर द्या. मेसेज ऐकून, लक्षात ठेवून, परत येऊन टाइप करायला वेळ लागतो.

ज्यांना थोडं दिसतं

अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पान ४०० टक्के मोठं करून बघा. आडवं सरकवावं लागलं तर मांडणी चुकली. देवनागरीत मात्रा आणि अनुस्वार वर, उकार खाली असतात, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. दाबायच्या गोष्टी किमान २४ पिक्सेल लांबरुंद असाव्यात, असं २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेब सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत, आलं आहे. मी म्हणेन दुप्पट ठेवा. पावसात, ओल्या बोटांनी दाबायच्या आहेत त्या.

क्लायंट "कशाला?" म्हणाला तर

म्हणतोच. "आपल्याकडं कोण आंधळं येतंय वेबसाइटवर?" वाद घालत बसू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. पतसंस्थेच्या अध्यक्षांना हे वाक्य लवकर कळतं. "एक ओळ कोड टाका, वेबसाइट आपोआप सुलभ" असं सांगणारी विजेट्स कोणी विकायला आली तर पैसे वाचवा. डिव्हच्या बटनाला ती खरं बटन बनवत नाहीत, उलट कधीकधी स्क्रीन रीडरच्या आड येतात.

शेवटची तपासणी

लाइटहाउस किंवा ॲक्स अशी तपासणीची साधनं चालवा. लेबल नसलेले रकाने, कमी कॉन्ट्रास्ट ती पकडतात. नाव दिलेलं आहे पण चुकीचं आहे, हे त्यांना कळत नाही. मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला पानावर बसवा, तिच्या वेळेचे पैसे द्या आणि काम नेमकं सांगा: "भिलवडीची आत्ताची पातळी सांगा, दत्तनगरजवळचं निवारा केंद्र शोधा, मदतीचा अर्ज भरा." मध्ये बोलू नका, माउस धरू नका. ती जिथं थांबेल, मागे जाईल, तेच बटन पुन्हा दाबेल, ते लिहून घ्या. एकदा एनव्हीडीएवर आणि एकदा तिच्या स्वतःच्या फोनवर टॉकबॅकवर, कारण दोन्हीकडे अडचणी वेगळ्या निघतात. हे सगळं मे महिन्यात उरका. जूनमध्ये कोड बदलायला लागलात तर तपासायला वेळ उरत नाही. आणि पानाच्या अगदी वर, लोगोच्याही आधी, नियंत्रण कक्षाचा फोन नंबर दाबून लागणाऱ्या लिंकच्या रूपात ठेवा. नेट मंद असेल, स्क्रिप्ट लोड झालीच नाही, तरी तेवढी ओळ वाचली जाईल.